पहाटे चारची कवायत: मुंबईतल्या एका विद्यापीठ संकुलाने भूकंपाची तयारी कशी बदलली

हे संकुल पूर्व उपनगरात आहे. त्याचं नाव देत नाही, कारण इथे जे आढळलं ते मुंबईतल्या बहुतेक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत थोड्याफार फरकाने आढळेल. एका संस्थेकडे बोट दाखवून बाकीच्यांनी सुटू नये, असं मला वाटतं. सत्तरच्या दशकातली मुख्य इमारत, मागे रसायनशास्त्र विभाग, त्याला लागून ग्रंथालय. मुलींचं चार मजली वसतिगृह खांबांवर उभं आहे आणि खाली दुचाकींचं पार्किंग आहे. मेस वेगळी, पत्र्याच्या शेडमध्ये. कुंपणापलीकडे पुनर्विकासाचे टॉवर चढताहेत. मी इथे शिकवते, राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे आणि त्या नात्याने आपत्ती व्यवस्थापन समितीवर आहे.

संकुलात दर वर्षी कवायत व्हायची. परिपत्रक आठवडाभर आधी निघायचं. सकाळी अकराला सायरन वाजला की सगळे वर्ग जिन्याने उतरून मैदानात रांगा लावायचे. हजेरी, फोटो, अहवाल. कागदावर नाव ‘भूकंप व अग्निसुरक्षा कवायत’ असं असलं, तरी ती पूर्णपणे आगीची कवायत होती. आग लागली की बाहेर पडायचंच असतं. भूकंपात जमीन हलत असताना जिना गाठणं हेच सर्वांत धोक्याचं काम, आणि आम्ही नेमकं तेच मुलांच्या अंगवळणी पाडत होतो.

ज्या वर्षी हे प्रकरण घडलं त्या वर्षी सायरननंतर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन बाजूंची गर्दी एकत्र आली. प्रथम वर्षाची एक मुलगी पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिने कोणताही नियम मोडला नव्हता. सायरन वाजला की लवकर खाली या, असं तिला सांगितलं होतं आणि ती तशी आली.

समितीच्या बैठकीत पहिला सूर ‘स्वयंसेवक वाढवू, जिन्यावर दोरी लावू’ असा होता. मग चर्चा परळच्या पुलाकडे वळली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल जागच्या जागी होता, काहीही कोसळलं नव्हतं. गर्दी, पाऊस आणि अरुंद जिना एवढंच पुरेसं झालं. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. त्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन वर्षांची एक मुलगी दगावली, तीही घराबाहेर धावताना पडून. ही दोन उदाहरणं समोर ठेवल्यावर दोरीचा प्रस्ताव कोणी पुढे रेटला नाही.

घड्याळ

त्यानंतरची बैठक माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. आपल्या भागाने अनुभवलेल्या भूकंपांच्या फक्त वेळा एका कागदावर लिहून आणायच्या, असं ठरलं होतं.

कोयना, ११ डिसेंबर १९६७: पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३: पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावं विसर्जन करून झोपलेली. जबलपूर, २२ मे १९९७: पहाटे ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास. भूज, २६ जानेवारी २००१: सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, झेंडावंदनाची वेळ, सुट्टीचा दिवस.

चारांपैकी एकही भूकंप कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात आलेला नाही. भूकंप वेळ निवडत नाही हे खरं, पण म्हणूनच साधा हिशोब मांडावा लागतो. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे दोनशे चाळीस दिवस धरले, तर संकुलाचं ‘कामाचं’ घड्याळ वर्षाच्या एकूण तासांच्या एक पंचमांशाच्या आसपास भरतं. उरलेल्या चार पंचमांश वेळेत इथे कोण असतं? वसतिगृहातल्या मुली आणि मुलं, रखवालदार, मेसमध्ये झोपणारे कामगार, पहाटे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावश्या, प्रयोगशाळेत रात्री थांबणारे दोन-तीन संशोधक विद्यार्थी. अकराच्या कवायतीत यातल्या बहुतेकांचं नाव कधीच नव्हतं. रात्रीचा रखवालदार तर त्या वेळी घरी झोपलेला असायचा.

मुंबईला धोका किती, हा प्रश्नही तिथेच निघाला. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या ज्या नकाशावर आपल्या इमारती बेतलेल्या आहेत, त्यात मुंबई तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते. घाबरवण्याजोगं त्यात काही नाही, पण निश्चिंत व्हावं असंही नाही. शहराचा मोठा भाग भरावाच्या आणि खाडीच्या मऊ मातीवर आहे आणि अशी माती हादरा वाढवते. भूजच्या भूकंपात केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. हे ऐकल्यावर वसतिगृह अधीक्षिकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. त्यांची इमारत तशीच खांबांवर उभी आहे.

कुलूप

अधीक्षिका, सुरक्षा पर्यवेक्षक आणि मी असे तिघे रात्री अकरानंतर वसतिगृहातून फिरलो. दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी रात्री दिसल्या. खालचा लोखंडी सरकता दरवाजा दहानंतर साखळी घालून बाहेरून बंद आणि किल्ली मुख्य फाटकावरच्या रखवालदाराकडे. मागचा जिना कायमचा कुलूपबंद. तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात जुनी लोखंडी कपाटं भिंतीला न ठोकता ओळीने उभी, त्यामुळे जाण्याची वाट निम्मी. बऱ्याच खोल्यांत उशाच्या बरोबर वर फळी आणि फळीवर ट्रंक.

कपाटं आणि ट्रंकांचं काम आठवड्यात झालं. कपाटं भिंतीला पट्ट्यांनी आवळली, खाटांची डोकी फळीखालून काढली. कुलपाला मात्र बराच काळ लागला.

अधीक्षिकांची बाजू भक्कम होती. “मॅडम, पालक मला पहिला प्रश्न विचारतात तो हाच, रात्री दार बंद असतं ना? भूकंप पन्नास वर्षांत एकदा येईल. बाहेरून कोणी आत शिरायची भीती मला रोज असते.” हे मला खोडून काढता येत नव्हतं आणि खोडायचंही नव्हतं. मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी ज्या बाईवर आहे, तिने कुलूप धरून ठेवणं साहजिक आहे. पण राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की बाहेर पडण्याचा दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडता आला पाहिजे. त्यामागे आगीत जाळीच्या दाराशी सापडलेल्या माणसांचा जुना, कडू अनुभव आहे. बाहेरून कोणी येऊ नये आणि आतून कोणी अडकू नये, या दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एका कुलपाने दोन्ही भागत नाहीत.

शेवटी तोडगा निघाला तो असा. सरकता दरवाजा रात्री उघडाच, आणि त्याच्या आत एक भक्कम लाकडी दार. त्याला बाहेरून मूठच नाही, आतून आडवा दांडा दाबला की ते उघडतं आणि उघडताच अधीक्षिकांच्या खोलीत व फाटकावर जोराची घंटा वाजते. मागच्या जिन्यालाही तेच. दांडा दाबून कोणी मध्यरात्री गुपचूप बाहेर जाऊ शकत नाही, आणि जिवावर बेतलं तर किल्ली शोधावी लागत नाही. खर्च फार नव्हता. पालकांच्या सभेत अधीक्षिकांनी स्वतः दांडा दाबून घंटा ऐकवली आणि विषय मिटला.

मेसमधल्या मावशी

प्रशिक्षण आम्ही खालून वर न्यायचं ठरवलं. आधी रखवालदार आणि मेस, मग वसतिगृहं, मग कर्मचारी, सर्वांत शेवटी प्राध्यापक. एरवी क्रम उलटा असतो आणि मेसपर्यंत पोचेस्तोवर वर्ष संपतं.

मेसमध्ये पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी ‘खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा’ हे तीन शब्दसमूह म्हणून घेतले. मागे बसलेल्या एक मावशी गप्प होत्या. त्या लातूरकडच्या, किल्लारीच्या वेळी शाळकरी वयाच्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “सर, आमच्याकडं आत राहिले ते गेले. बाहेर अंगणात झोपलेले वाचले. आन् तुम्ही आम्हाला टेबलाखाली बसा म्हणताय.”

शेड एकदम शांत झाली. प्रशिक्षक चांगले होते. त्यांनी मावशींना चूक म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “मावशी, तुमच्या घराच्या भिंती कशाच्या होत्या?” दगडाच्या, मातीत रचलेल्या, हात-दोन हात जाड. आणि छत? माळवद, लाकडाच्या तुळयांवर मातीचा थर. मग त्यांनी जमिनीवर खडूने दोन घरं काढली. पहिल्या घरात भिंतीचे दगड एकमेकांना बांधलेले नाहीत, वर टनावारी माती. हादरा बसला की भिंत फुटते आणि छत सरळ खाली येतं. तिथे टेबलाने काही होत नाही, बाहेर पडणं हाच शहाणपणा. दुसऱ्या घरात लोखंड घातलेल्या काँक्रीटचे खांब-तुळया एकमेकांत गुंतलेल्या. ते घर डोलतं, भेगाळतं, पण बहुतेक वेळा एकदम बसत नाही. तिथे माणसं मरतात ती वरून पडणाऱ्या पंख्याने, काचेने, कपाटाने, छज्जाच्या तुकड्याने आणि जिन्यावरच्या गर्दीने.

“म्हणजे घर बघून ठरवायचं,” मावशी म्हणाल्या. सगळ्या प्रशिक्षणात इतकं नेमकं वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं नाही. समितीने त्यानंतर सरसकट एकच सूचना देणं थांबवलं आणि जागेप्रमाणे सूचना लिहिल्या. मेस ही हलकी पत्र्याची शेड, दार रुंद, बाहेर मोकळं अंगण. तिथे दारापासून चार पावलांवर असलेल्यांनी बाहेर पडून शेडपासून आणि विजेच्या तारांपासून दूर जावं, आतल्यांनी दगडी ओट्याखाली शिरावं, असं संरचना अभियंत्याशी बोलून ठरवलं. चुलीपाशी असलेल्याने आधी उकळत्या तेलापासून आणि आमटीच्या पातेल्यापासून लांब व्हायचं, गॅसची तोटी हाताशी असेल तरच फिरवायची. मुख्य झडप हादरा थांबल्यावर बंद करायची.

मुख्य इमारतीत आणि वसतिगृहात मात्र आतच थांबायचं. वर्गात बाकांच्या मधल्या जागेत बसून मान झाकायची. ग्रंथालयात मांडण्यांपासून दूर. लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांची बटणं दाबून जो मजला आधी येईल तिथे उतरायचं. चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांनी चाकांना ब्रेक लावून पुढे वाकायचं आणि मान हातांनी झाकायची. रात्री अंथरुणात असाल तर अंथरुणातच पालथं होऊन डोक्यावर उशी. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला आम्ही काढून टाकला. आजच्या इमारतीत चौकट बाकी भिंतीपेक्षा मजबूत नसते आणि हलतं दार बोटं चेचतं.

प्रत्यक्ष पहाट

पहाटे चारची कवायत ठरली तेव्हा विरोध झाला, आणि तो योग्य होता. परीक्षेचा काळ टाळला. तारीख सगळ्यांना आधी सांगितली. झोपेतून दचकवणं हा हेतू नव्हता. आजारी असलेल्या, किंवा अशा प्रसंगाची धास्ती घेणाऱ्या मुलींना कारण न विचारता सूट दिली. पालक, पोलीस ठाणं, अग्निशमन दल यांना पत्रं गेली. सायरन वापरला नाही, कारण आजूबाजूच्या सोसायट्या जाग्या होऊन धावल्या असत्या. व्हरांड्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुली शिट्ट्या घेऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघी राज्यस्तरीय ‘आव्हान’ शिबिरात एनडीआरएफच्या जवानांकडून शिकून आलेल्या.

सलग शिट्टी म्हणजे हादरा सुरू, जागेवर राहा. शिट्टी थांबली की हादरा थांबला. मग चपला, मग जिना, मग मैदान.

पहिली शिट्टी वाजताच बऱ्याच मुली दाराकडे धावल्या. आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं, तरीही. अनेक वर्षं अकराच्या कवायतीत सायरन म्हणजे धाव असंच शिकवलेलं शरीर एका आठवड्यात विसरत नाही, हे त्या पहाटे उघड दिसलं. आम्ही कवायत थांबवली, सगळ्यांना परत खोलीत पाठवलं, पुन्हा शिट्टी वाजवली. या वेळी खोल्या शांत राहिल्या.

अनवाणी बाहेर आलेल्या मुली पाहून लक्षात आलं की खऱ्या भूकंपात व्हरांडाभर काचा असतील. तेव्हापासून प्रत्येक खाटेच्या पायाला कापडी पिशवी बांधलेली असते: चपला, बॅटरी, शिट्टी, चष्म्याची जुनी जोडी, नेहमीची औषधं. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला शिट्टीने जाग आलीच नाही, शेजारणीने हलवून उठवलं. तिच्या खोलीत आता लखलखणारा दिवा आहे. शेजारणीचं नावही लेखी आहे आणि ती गावी गेली तर दुसरी कोण, तेही.

मैदानात हजेरी घेताना वही आणि माणसं जुळेनात. वहीत खोली कोणाला दिलीय ते होतं, त्या रात्री खोलीत कोण झोपलंय ते नव्हतं. काही घरी गेलेल्या, एकीची बहीण मुक्कामाला आलेली. ढिगाऱ्यात कोणाला शोधायचं हे ठरवणारी वही अशी असेल तर बचाव पथक नसलेल्या माणसासाठी खणत बसेल आणि असलेल्याला मुकेल. आता रात्री दहाला प्रत्येक मजल्याची एक मुलगी खोल्या फिरून त्या दिवसाची यादी लिहिते आणि तिची एक प्रत फाटकावर ठेवते. मोबाइलवरचा गट आम्ही यासाठी वापरत नाही. मोठ्या घटनेनंतर नेटवर्क कोलमडतं. संदेश पाठवायचाच झाला तर छोटा एसएमएस.

जमण्याची जागाही बदलावी लागली. जुनं ठिकाण मुख्य इमारतीच्या काचेच्या दर्शनी भागाखाली होतं आणि एका बाजूला शेजारच्या टॉवरच्या क्रेनचा दांडा वर यायचा. नवी जागा क्रिकेटच्या मैदानाचा मध्य. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, म्हणून जून ते सप्टेंबरसाठी वेगळी जागा आखली आहे.

रखवालदारांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. पहाटे चारला संकुलाचा प्रमुख तोच असतो. विजेचा मुख्य खटका, प्रयोगशाळेची गॅस-बँक आणि पाण्याचा पंप ही तीन ठिकाणं त्याला अंधारात सापडली पाहिजेत. पण रखवालदार कंत्राटी, काही महिन्यांनी बदलणारे. जो शिकला तो दुसऱ्या ठिकाणी गेला की त्याच्याबरोबर प्रशिक्षणही गेलं. म्हणून कंत्राटातच अट घातली: नव्या माणसाने पहिली पाळी घेण्याआधी जुन्याबरोबर या तीन ठिकाणी जाऊन स्वतःच्या हाताने खटका आणि झडप बंद करून दाखवायची. फाटकावर १९१६ (महापालिकेचा आपत्ती कक्ष), ११२ (आणीबाणीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक भिंतीवर मोठ्या आकड्यांत रंगवले.

प्रयोगशाळेचं काम त्या मानाने सरळ होतं. बाटल्यांच्या मांडण्यांना पुढून कठडे, आम्लं खालच्या कप्प्यात, सिलिंडरला भिंतीशी वर आणि खाली दोन साखळ्या.

रात्र काढण्याची तयारी

दिवसा भूकंप आला तर काय, हेही सोडलेलं नाही. मुंबईत त्याचं उत्तर लोकलशी बांधलेलं आहे. मोठा हादरा बसला की रूळ आणि पूल तपासल्याशिवाय गाड्या सोडता येणार नाहीत. विरार, कर्जत, पनवेलहून येणारी मुलं संकुलातच अडकतील. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हेच झालं होतं. हजारो लोकांनी कार्यालयांत आणि महाविद्यालयांत रात्र काढली, कित्येक जण रुळांवरून चालत निघाले. म्हणून ‘सगळे सुखरूप बाहेर आले’ इथे आमची कवायत संपत नाही. पुढचा दिवसभर या माणसांना पाणी, शौचालय, कोरडं खाणं, मुलींसाठी वेगळी सुरक्षित जागा आणि सॅनिटरी पॅड कुठून मिळतील, हे लिहून ठेवलेलं आहे. साठा मैदानाजवळच्या एकमजली जिमखान्यात आहे. मुख्य इमारतीच्या तळघरात ठेवण्याचा प्रस्ताव आला होता. ज्या इमारतीत पुन्हा शिरता येईल की नाही हेच माहीत नसेल, तिच्यात साठा ठेवून उपयोग नाही, म्हणून तो नाकारला.

एक काम अजून अपुरं आहे आणि माझ्या लेखी ते सर्वांत मोठं आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी महापालिकेच्या नियमानुसार होणारी संरचनात्मक तपासणी वसतिगृहाचीही झाली होती. अहवालात गळती, गंजलेल्या सळ्या आणि सुटलेलं प्लॅस्टर यांची नोंद आहे. आडव्या धक्क्यात तळमजल्याचे मोकळे खांब टिकतील का, हा प्रश्न त्या तपासणीने विचारलेलाच नव्हता. स्वतंत्र भूकंपीय मूल्यांकनाची मागणी समितीने केली. अभियंत्याचा प्राथमिक सल्ला असा आहे की काही खांबांना बाहेरून काँक्रीटचं आवरण द्यावं आणि ठरावीक खांबांच्या मध्ये भिंती उभ्या कराव्यात. त्यात पार्किंगच्या निम्म्या जागा जातील. प्रस्ताव इमारत समितीपुढे आहे. पार्किंगची जागा गेली तर गैरसोय होईल, असा आक्षेप लेखी आला आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींची छायाचित्रं आणि वसतिगृहाच्या त्या रात्रीच्या यादीतली नावं जोडून पाठवली आहेत. पुढची कवायत रविवारी दुपारी आहे, पालक भेटीला येतात त्या वेळेला.